नव्याचा सण आणि दारफाळणी

पावसाळा सरता सरता नवे धान्य घरात आले, की अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूच्या गावांतील तेल्यांच्या काही घरांत एके काळी एक सण होत असे, आणि त्याचे नाव होते खिरीचा सण. नव्या धान्याची, नारळाच्या रसात शिजविलेली गोड खीर भांड्यात काढून मांडावयाची, तिच्यापुढे ऊद जाळावयाचा, घरातील वडीलधाऱ्या पुरुषाने एक लहानशी प्रार्थना म्हणावयाची आणि मग सर्वांनी मिळून ती खीर खावयाची, एवढाच त्याचा विधी. शेजारच्या आगऱ्याच्या किंवा कुणब्याच्या मुलाने हे दाराआडून पाहिले असते, तर त्यास त्यात परके असे काहीच वाटले नसते, कारण नव्या धान्याचे कौतुक त्याच्याही घरी होत होते. मात्र त्याने जरा कान दिला असता, तर ती प्रार्थना मराठी नाही, संस्कृत नाही आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या तोंडची अरबीही नाही, हे त्याच्या ध्यानी आले असते. ती हिब्रू होती. ही घरे बेने इस्राएलांची होती, आणि खिरीच्या सणाच्या तीनच दिवस आधी त्यांनी 'नव्याचा सण' म्हणून जो सण केला होता, तो ज्यू धर्माच्या वर्षाचा पहिला दिवस होता.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाची लेकरे. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या तरून काठास लागल्या, आणि जे बुडाले त्यांत त्यांचे धर्मग्रंथही बुडाले. पुढे शतकानुशतके ही मंडळी कोकणातच राहिली. मराठी बोलू लागली, ज्या गावी राहिली त्या गावाच्या नावापुढे 'कर' लावून किहीमकर, पेणकर, रोहेकर झाली, आणि तेलाचा घाणा चालवू लागली. तो घाणा शनिवारी मात्र बंद असे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ग्रंथ नाही, धर्मोपदेशक नाही, प्रार्थनामंदिर नाही, 'शेमा' नावाच्या एका प्रार्थनेचे आरंभीचे शब्द तेवढे जिभेवर उरलेले, अशा स्थितीत ते असताना दावीद राहाबी नावाचा एक परका ज्यू त्यांच्यात येऊन पोहोचला, असे त्यांची परंपरा सांगते. हे लोक आपलेच आहेत की काय, याची त्याने घेतलेली परीक्षा कोणास ठाऊक आहे? त्याने स्त्रियांच्या पुढे निरनिराळी मासळी ठेवून ती रांधावयास सांगितली. त्यांनी ज्या माशांना खवले व पर नव्हते, ते आपण होऊन बाजूस काढले. मोशेच्या धर्मशास्त्रात नेमकी हीच आज्ञा आहे. राहाबीने त्यांना ओळखले ते असे, स्वयंपाकघरात.

ज्यू धर्माचे नववर्ष मुलांना समजावून सांगावयाचे म्हणजे आरंभ कोठून करावा, असा प्रश्न मला जेव्हा पडतो, तेव्हा मी मुद्दाम या कोकणी घरांपासून करतो. त्यास कारण आहे. ग्रंथ हरवलेल्या या माणसांनी आपले सण ज्या रीतीने जपले, त्याच रीतीने प्रत्येक मूल आपले सण जपत असते. मुलास तिथी ठाऊक नसते, सणाची मीमांसा ठाऊक नसते. त्यास एवढेच ठाऊक असते, की या दिवशी खीर असते, त्या दिवशी दार लावून घ्यावयाचे असते, आणि अमक्या दिवशी वडील पांढरे कपडे घालून गप्प बसलेले असतात. अर्थ मागाहून येतो. नव्याचा सण, नव्याचा रोजा, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, ही मराठी नावे एकामागून एक म्हणून पाहावीत: ती पंडितांनी दिलेली नावे नव्हेत, ती चुलीपाशी आणि उंबऱ्यापाशी जन्मलेली आहेत. हिब्रू नावे विसरून गेलेल्या समाजाने सण मात्र विसरला नाही, आणि ज्यू पंचांगातील तिशरी महिन्याचा तो दिवस पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

या सणाचे मूळ नाव रोश हशाना. रोश म्हणजे मस्तक, शाना म्हणजे वर्ष. वर्षाचे मस्तक ते हे. आपण पायाने सुरुवात मोजतो, त्यांनी मस्तकाने मोजली. तिशरी महिन्याच्या १ व २ तारखेस हा सण येतो. आणि गंमत ही, की तिशरी हा महिन्यांच्या गणनेत पहिला नसून सातवा आहे. महिने मोजावयाचे ते निसान महिन्यापासून, कारण त्या वसंतातल्या महिन्यात इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटले. वर्ष मात्र मोजावयाचे ते तिशरीपासून. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेत तर एकूण चार नववर्षे सांगितली आहेत: राजांच्या कारकिर्दी व सणांसाठी एक, जनावरांच्या दशांश करासाठी दुसरे, सालाच्या गणनेसाठी तिसरे आणि झाडांसाठी चौथे. झाडांचेही नववर्ष असते, हे ऐकून ज्या मुलाचे डोळे विस्फारत नाहीत असे मूल मला अद्याप भेटावयाचे आहे. मराठी वाचकास यात गोंधळून जाण्यासारखे काही नाही. आपला गुढीपाडवा चैत्रात, व्यापाऱ्यांची वहीपूजा दिवाळीत आणि मुलांच्या शाळेचे वर्ष जून महिन्यात सुरू होते, आणि तरीही आपल्यापैकी कोणाचा हिशेब चुकत नाही.

पंचांगाच्या बाबतीत तर ज्यू आणि मराठी हे दोन समाज एकमेकांच्या फारच जवळ आहेत. ज्यू महिना अमावास्येनंतर नव्या चंद्राबरोबर सुरू होतो, महाराष्ट्रात होतो तसाच. त्यांचा दिवस मात्र सुरू होतो तो सूर्यास्तास. बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवसच भरतात, म्हणून ऋतूंशी मेळ राखण्यासाठी आपण अधिक मास धरतो, तेही धरतात. त्यांच्या १९ वर्षांच्या चक्रात ७ वेळा अदार महिना दुणावतो. दोन्ही पंचांगांचे अधिक महिने एकाच वेळी येतात असे नाही, त्यामुळे हा सण कधी गणपतीच्या तोंडावर पडतो, तर कधी घटस्थापनेच्या सुमारास. सन २०२५ मध्ये असे झाले, की २२ सप्टेंबर रोजी सकाळी महाराष्ट्रात घट बसले, आणि त्याच दिवशी सूर्य मावळताच सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेले ५७८६ वे ज्यू वर्ष सुरू झाले.

हे महिने गणिताने ठरू लागण्यापूर्वी ते साक्षीने ठरत असत, आणि ती हकीकत मुलांना अवश्य सांगावी. नवी चंद्रकोर ज्याने डोळ्यांनी पाहिली असेल, त्याने यरुशलेमेस यावे आणि न्यायसभेपुढे आपली जबानी द्यावी, असा नियम होता. अशा साक्षीदारांसाठी एक मोठे अंगण राखलेले असे, आणि ते पुढच्या खेपेसही हौसेने यावेत म्हणून त्यांना तेथे पोटभर जेवू घालीत. रब्बान गमलिएल या आचार्याने आपल्या माडीच्या भिंतीवर व एका फळ्यावर चंद्राच्या निरनिराळ्या आकृती काढून ठेवल्या होत्या, आणि आलेल्या साध्याभोळ्या माणसाला तो विचारी, तुला दिसला तो असा होता, की असा? साक्ष शाबीत झाली, की डोंगरमाथ्यांवर मशाली हालवून एका शिखरावरून दुसऱ्या शिखराला वर्दी पोहोचवीत, आणि अशा रीतीने दूरदेशच्या ज्यू वस्तीला कळे, की महिना लागला. ज्यू वर्षातील पुष्कळ मोठे सण पौर्णिमेचे किंवा तिच्या आसपासचे आहेत. नववर्ष तेवढे चंद्र जवळजवळ दिसेनासा झालेला असताना येते, आणि साक्षीदार केव्हा पोहोचेल याचा नेम नसल्यामुळेच ते दोन दिवस पाळण्याचा प्रघात पडला. आज गणित तयार आहे, तरी दोन दिवस राहिलेच. कोकणातील बेने इस्राएल मात्र ग्रंथ परत मिळण्यापूर्वी नव्याचा सण एकच दिवस करीत.

आता हे नववर्ष इतर नववर्षांसारखे आहे काय? नाही. ते नाचगाण्याचे नाही. त्याचे एक नाव न्यायाचा दिवस असे आहे, आणि त्याची कल्पना परंपरेने रंगविली आहे ती एखाद्या दरबाराच्या कचेरीसारखी. या दिवशी परमेश्वरापुढे तीन दप्तरे उघडतात, असे तालमूद ग्रंथात म्हटले आहे. एक पूर्ण सज्जनांचे, दुसरे पूर्ण दुर्जनांचे आणि तिसरे या दोहोंच्या मधल्यांचे. पहिल्या दोहोंचा फैसला तेथल्या तेथे होतो, मधल्यांचा मात्र दहा दिवस तहकूब राहतो. दहाव्या दिवशी, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, निकालावर मोहोर उठते. म्हणून या दिवसांत ज्यू लोक एकमेकांना भेटतात तेव्हा 'शाना तोवा', म्हणजे चांगले वर्ष जावो, एवढे म्हणून थांबत नाहीत, तर तुमचे नाव चांगल्या वर्षासाठी लिहिले जावो, असे म्हणतात. आणि योम किप्पूर जवळ आला, की लिहिले जाण्याच्या जागी मोहोर उठण्याची शुभेच्छा येते. मुले यावर साहजिकच विचारतात, की मी कोणत्या दप्तरात? त्यावर परंपरेचे उत्तर फार शहाणपणाचे आहे. प्रत्येकाने आपल्याला मधल्या दप्तरातला समजावे, आपल्या तराजूची दोन्ही पारडी अगदी समतोल आहेत असे धरावे, म्हणजे पुढचे एकच लहानसे चांगले कृत्यही काटा झुकविण्यास पुरेसे होईल. मुलाला भेवडावणारे न्यायासन आणि मुलाच्या हाती काहीतरी ठेवणारे न्यायासन यांत अंतर आहे, आणि हे दुसऱ्या जातीचे आहे, अशी माझी धारणा आहे.

या न्यायसभेचा पुकारा होतो तो शोफाराने. शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग. आपल्याकडचे धातूचे शिंग किंवा तुतारी डोळ्यांपुढे आणू नये; हे खरेखुरे शिंग, आतला हाडाचा गाभा काढून पोकळ केलेले, टोकाला भोक पाडलेले, ना त्याला पट्टी, ना स्वरांची छिद्रे. गाईबैलाचे शिंग त्यास वर्ज्य आहे, कारण रानातून प्रवास करीत असता इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केली, त्या अपराधाची आठवण न्यायाच्या दिवशी कशास काढावी? मेंढ्याचेच शिंग का, तर अब्राहाम आपल्या मुलाचे, इसहाकाचे, बलिदान करावयास सिद्ध झाला असता देवदूताने त्याचा हात आवरला आणि झुडपात शिंगे अडकून पडलेला एक मेंढा त्याच्या दृष्टीस पडला, तो मुलाच्या ऐवजी अर्पण केला गेला, ही कथा या सणाच्या दुसऱ्या दिवशी वाचावयाची असते. म्हणजे त्या शिंगात एका वाचलेल्या मुलाची आठवण आहे.

शोफाराचे स्वर तीन. एक लांब सलग स्वर, त्यास तकिया म्हणतात. दुसरा तीन तुकड्यांत मोडलेला, उसाशांसारखा, तो शेवारिम. आणि तिसरा नऊ लहान लहान हुंदक्यांचा, तो तेरुआ. एका सकाळी असे एकंदर १०० स्वर फुंकण्याचा रिवाज आहे, आणि शेवटचा तकिया फुंकणाऱ्याचा दम टिकेल तितका लांबतो; मुले बोटांवर मोजत असतात. हे मोडके स्वर कसे असावेत याची चर्चा तालमुदात आहे, आणि ती वाचताना मी प्रत्येक वेळी थबकतो. धर्मशास्त्रातील 'तेरुआ' या शब्दाचा अर्थ रडणे असा धरला, परंतु रडणे कशासारखे, याचा शोध घेताना आचार्यांना आठवण झाली ती सीसराच्या आईची. सीसरा हा इस्राएल लोकांचा वैरी, त्यांच्यावर ९०० लोखंडी रथ घेऊन चालून आलेला सेनापती. तो लढाईत हरला आणि पळताना मारला गेला, आणि इकडे त्याची आई खिडकीत उभी राहून त्याची वाट पाहत होती व विलाप करीत होती. तो विलाप उसाशांचा होता की हुंदक्यांचा, यावर मतभेद झाला, म्हणून दोन्ही ठेवले. आपल्या सर्वांत पवित्र स्वराचे माप एखाद्या समाजाने शत्रूच्या आईच्या रडण्यावरून घ्यावे, यापेक्षा अधिक काय सांगावे? मुलांना ही गोष्ट सांगितली, की त्यांना शोफाराचा कर्कशपणा टोचेनासा होतो.

मुंबईत हा स्वर प्रथम सार्वजनिक रीतीने घुमला असेल तो मांडवी भागात १७९६ साली उभ्या राहिलेल्या पहिल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात. सामुएल एझिकेल दिवेकर, ज्यांना लोक सामाजी हसाजी म्हणत, त्यांनी ते बांधविले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाली म्हणून त्यांनी केलेला हा नवस होता, अशी आख्यायिका आहे. त्याचे नाव 'दयेचे द्वार' या अर्थाचे आहे. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत. उलट पुण्यात दावीद ससून यांनी बांधविलेल्या, १८६७ साली पूर्ण झालेल्या लाल विटांच्या उंच मनोऱ्याच्या सिनेगॉगला पुणेकरांनी लाल देऊळ हे नाव दिले. एकाच धर्माच्या वास्तूला एका शहरात मशीद आणि दुसऱ्या शहरात देऊळ म्हटले गेले, आणि दोन्ही नावे आपुलकीची होती.

जेवणाच्या बाबतीत ज्यू जगाचे अनेक प्रांत पडतात. युरोपातील ज्यू सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात आणि वर्ष गोड जावो म्हणतात. नेहमी लांबट विणलेला 'हल्ला' नावाचा पाव या दिवशी वर्षाच्या चक्राप्रमाणे गोल भाजतात. पूर्वेकडील व स्पेनकडून पांगलेल्या ज्यूंची पद्धत अधिक प्राचीन आहे. तालमुदात भोपळा, चवळीसारखे कडधान्य, कांद्याच्या जातीची लीक नावाची भाजी, बीटाचा पाला आणि खजूर हे पाच जिन्नस नववर्षासाठी सांगितले आहेत, आणि प्रत्येकामागे शब्दाचा एक खेळ आहे. चवळीसारख्या दाण्याचे नाव रुबिया, आणि वाढणे या अर्थाचा हिब्रू धातू त्याच्याशी मिळताजुळता. म्हणून ते खाताना म्हणावयाचे, की आमची पुण्ये वाढोत. खजूर म्हणजे तामार, आणि संपणे या क्रियापदाचा उच्चार त्याच्या जवळचा. म्हणून आमचे वैरी संपोत. डाळिंब फोडतात ते आमची सत्कृत्ये त्याच्या दाण्यांइतकी होवोत म्हणून. मोशेच्या धर्मशास्त्रात ६१३ आज्ञा आहेत आणि डाळिंबात दाणेही तितकेच असतात, असे मुलांना सांगतात, आणि मुले ते मोजावयास बसतात. माशाचे किंवा मेंढराचे डोके ताटात ठेवतात ते शेपटीकडे न राहता मस्तकाकडे असावे म्हणून. दुसऱ्या रात्री, ज्या फळाची चव त्या हंगामात अद्याप घेतलेली नाही, असे एखादे नवे फळ आणून, या ऋतूपर्यंत जिवंत ठेवल्याबद्दल देवाचे आभार मानतात.

कोकणी घराचे या सणाचे पक्वान्न मात्र यांपैकी एकही नाही. ते आहे चिकाचा हलवा. गहू दोन-तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग वाटून, कापडातून गाळून चीक काढावयाचा, तो निवळू द्यावयाचा, वरचे पाणी ओतून टाकावयाचे आणि खाली बसलेला पांढरा साका नारळाच्या दुधात व साखरेत घालून मंद आचेवर ढवळत राहावयाचे, कढईची कड सुटेपर्यंत, हात भरून येईपर्यंत. वेलदोडा, जायफळ, ताटात ओतून वर बदाम-पिस्त्याचे काप, आणि निवल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या. गाईचे दूध न घालता नारळाचेच का, याचे कारण धर्मशास्त्रात आहे: मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, आणि सणाच्या जेवणात मांस असावयाचे. कोकणाने या नियमाला आपल्या वाडीतला नारळ काढून दिला, आणि त्यातून एक असे पक्वान्न निर्माण झाले, की ते पाहून कोणी त्याला परदेशी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी दुपारनंतर वाहत्या पाण्याकाठी जाऊन पापे पाण्यात टाकून देण्याचा एक विधी आहे, त्याला तश्लिख म्हणतात. सर्व पापे समुद्राच्या तळाशी टाकली जातील, असे मीखा या संदेष्ट्याच्या ग्रंथात वचन आहे, त्याचा हा आधार. मुंबईत बेने इस्राएल मंडळी या दिवशी बंदरावर, समुद्रकाठी जमून प्रार्थनेची पुस्तके उघडीत आली आहेत. लहान मुले खिसे उलटे करून झटकतात. खिशातून गोळीचे कागद, खडूचे तुकडे, वाळू निघते, आणि तेच आपले पाप असे त्यांना वाटते. मला त्यांचे वाटणे फारसे चुकीचे वाटत नाही.

सणाचे दोन दिवस सरताच तिसऱ्या दिवशी उपवास येतो. यरुशलेमेच्या पाडावानंतर तेथे उरलेल्या ज्यूंचा सुभेदार गदल्या याचा स्वकीयांच्याच हातून खून झाला, त्याच्या स्मरणार्थ हा उपवास. कोकणात त्याचे नाव नव्याचा रोजा. मुसलमान शेजाऱ्यांचा हा शब्द त्यांनी सहज घेतला होता. नववर्षाच्या आधीच्या एलूल महिन्यातील उपवासांना तर ते रमजानच म्हणत.

या दहा दिवसांचे खरे काम मात्र उपवासाचे नसून माफीचे आहे. हिब्रूत पश्चात्तापाला तशुवा म्हणतात आणि तिचा शब्दशः अर्थ परत येणे असा आहे. वाट चुकलेल्या मुलाने घरी परत यावे तसे. मिश्नेने येथे एक भेद केला आहे, तो मला या सर्व सणांचा कणा वाटतो. माणसाने देवाचा अपराध केला असेल, तर योम किप्पूरने तो धुतला जातो. परंतु माणसाने माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाची समजूत घातल्यावाचून योम किप्पूर त्यास क्षमा देऊ शकत नाही. देवाकडे केलेली अर्जी तेथे कामाची नाही. ज्याचे पुस्तक फाडले, ज्याची चहाडी केली, ज्याला खेळात घेतले नाही, त्याच्याकडे पायाने चालत जावयाचे आणि तोंडाने माफी मागावयाची. बाराव्या शतकातील मोशे बेन मैमोन या महापंडिताने असेही लिहून ठेवले आहे, की समोरचा क्षमा करीत नसेल, तर तीन वेळा जावे. आणि त्यानंतरही जो क्षमा करीत नाही, दोष त्याच्याकडे जातो. वडीलधारी माणसे या दिवसांत आपल्या मुलांचीही माफी मागतात. आईबापांनी आपली माफी मागावी हा अनुभव ज्या मुलास वर्षातून एकदा येतो, त्याला पश्चात्ताप म्हणजे काय हे शब्दांनी शिकवावे लागत नाही.

मग दहावा दिवस. कोकणात याचे नाव दारफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा. आदल्या दिवशी स्नान करून, पांढरी स्वच्छ वस्त्रे नेसून, सूर्य मावळण्यापूर्वीच बेने इस्राएल कुटुंबे घरात जात आणि दार बंद होई. दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत ना अन्न, ना पाणी, ना बाहेरच्या कोणाशी बोलणे. ग्रंथ नव्हते, प्रार्थनांचे पाठ नव्हते. त्यांच्या हाती होता तो उपवास, ते पांढरे कापड आणि तो अडसर. जगातील इतर ज्यू त्याच वेळी सिनेगॉगमध्ये सुमारे पंचवीस तास अन्नपाण्यावाचून काढतात. कातडी जोडा घालावयाचा नाही, म्हणून धनवान आणि दरिद्री सारखेच कापडी चपला किंवा मोजे घालून उभे असतात. मुलांवर उपवासाची सक्ती नाही. मुलीने १२ वर्षे व मुलाने १३ वर्षे पुरी केल्यावर ती जबाबदारी येते, परंतु त्याआधी वर्ष-दोन वर्षे त्यांना थोडी थोडी सवय करावी, न्याहारी तास-दोन तास पुढे ढकलावी, असे शास्त्रच सांगते. आजारी माणसाने तर खावेच.

दुपारी वाचली जाते ती योनाची कथा, आणि भुकेने पेंगुळलेली मुलेही तेव्हा जागी होतात. निनवे नगराला जाऊन तेथील लोकांना सावध कर, अशी देवाची आज्ञा झाली असता योना उलट दिशेच्या गलबतात बसून पळाला. वादळ झाले, त्याला समुद्रात टाकावे लागले, मोठ्या माशाने त्याला गिळले आणि तीन दिवसांनी काठावर टाकले. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, राजाने राखेत बसकण मारली, इतकेच नव्हे तर त्यांनी आपल्या गुराढोरांनाही गोणपाट नेसविले. आणि देवाने नगर वाचविले, याचा राग आला तो योनाला. त्याला देवाने जे समजावले, त्यात त्या नगरातील अजाण माणसांबरोबर तेथील जनावरांचाही उल्लेख आहे. निनवे हे शत्रूचे नगर होते. सीसराच्या आईचे रडणे आणि निनवेची सुटका, या दोन गोष्टी या दहा दिवसांच्या दोन टोकांना उभ्या आहेत.

सायंकाळी शेवटची प्रार्थना येते. तिचे नाव नईला, आणि नईला या शब्दाचा अर्थ दार बंद होणे. स्वर्गाची दारे आता मिटत आहेत, जे मागावयाचे ते आताच मागा, अशी तिची भावना. सिनेगॉगमधील पवित्र कपाट या वेळी उघडे असते आणि लोक उभेच्या उभे असतात. ज्या कोकणी तेल्याने नईला हा शब्द कधी ऐकला नव्हता, त्याच्या आजीने त्या दिवसाला दारफाळणी म्हटले होते. मग एक लांब तकिया, आणि उपवास सुटतो. घरोघरी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत तयार असते, रव्याचे व खोबऱ्याचे गोड सारण भरलेल्या पुऱ्या असतात. दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणत. त्या दिवशी दार उघडावयाचे, गरिबांना दानधर्म करावयाचा, इष्टमित्रांकडे जावयाचे.

पुढे ग्रंथ परत आले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत उतरविली. आणि हाईम सामुएल किहीमकर यांनी, ज्यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, त्यांनी या जुन्या सणांची मराठी नावे आपल्या इतिहासग्रंथात नोंदवून ठेवली, म्हणून तर ती आज आपल्याला ठाऊक आहेत. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. दिमोना, अश्दोद, लोद, रामले या शहरांतील घरांतून आजही या दिवसांत नारळाच्या दुधात चीक ढवळला जातो, आणि ढवळणाऱ्या आजीचे बोलणे मराठी असते.

किप्पूरचा उपवास सुटल्यावर, दमलेली माणसे झोपण्यापूर्वी एक काम करतात: सुक्क्याची, म्हणजे मांडवाची, पहिली मेख ठोकतात. पाच दिवसांनी, पौर्णिमेस, सुक्कोथ म्हणजे मांडवांचा सण येतो, आणि मिसरातून निघालेले पूर्वज रानात खोपट्यांतून राहिले होते, त्याची आठवण म्हणून सात दिवस अंगणात किंवा गच्चीवर अशाच खोपट्यात जेवावयाचे असते. चार वनस्पती हाती धरावयाच्या असतात: खजुरीची न उमललेली पाती, मेंदीसारख्या दिसणाऱ्या हदास झुडपाच्या डहाळ्या, वाळुंजीच्या फांद्या आणि एत्रोग, म्हणजे आपले महाळुंग, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे मातुलिंग आहे तेच फळ. मांडवाचे छप्पर फांद्यांचे, आणि ते मुद्दाम विरळ ठेवावयाचे, कारण आत निजलेल्याला त्यातून तारे दिसले पाहिजेत, अशी रीत आहे. सन २०२५ मध्ये ही पौर्णिमा ६ ऑक्टोबरच्या रात्री आली. ती कोजागरीची रात्र होती. इकडे गच्च्यांवर दुधाचे पातेले चंद्राखाली ठेवले होते, आणि तिकडे अश्दोदच्या एखाद्या गच्चीवर, फांद्यांच्या छपराखाली आडवे झालेले मूल त्या फटींतून तोच चंद्र पाहत जागे राहण्याचा हट्ट धरून बसले होते.